नुसत्या चावटपणावर पंचवीस आठवडे?

आमच्या महाड-पोलादपूरकडे शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एखाद्या शाहिराचा टोमणा कमरेखाली घसरला, की समोरून कोणीतरी ओरडतंच, "शाहीर, दादा कोंडके नको!" ओरडणाऱ्याच्या लेखी दादा म्हणजे लोंबती नाडी आणि दुहेरी अर्थाचे संवाद. शिकलेली मंडळी हेच जरा सभ्य भाषेत मांडतात. बँडपथक, अपना बाजारातली नोकरी, वगातला हवालदार, मग नट, गीतकार, निर्माता, दिग्दर्शक; माणूस जमेल तिथे शिरला आणि अखेर चावटपणावर तरला.

चावटपणा होता, तो झाकायचं कारण नाही. पण गल्ला त्यानेच भरत असता, तर दादांची नक्कल करणारे सगळेच गब्बर झाले असते. दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केल्याची नोंद गिनीज बुकात झाली. पंचवीस-पंचवीस आठवडे माणसं एकाच शिवराळ विनोदासाठी तिकीट काढत होती, असं म्हणणं हा प्रेक्षकांचा अपमान आहे. त्यात लालबाग-परळच्या गिरण्यांत राबणारे आमच्या तालुक्यांतले चाकरमानीही आले.

वरंध घाट चढून पलीकडे भोर तालुक्यात गेलं की इंगवली. ते दादांचं मूळ गाव. वाढले मात्र ते नायगावात, गिरणीवस्तीत. तिथलं बँडपथक आणि सेवादलाचं कलापथक ही त्यांची शाळा. ठेका कुठे थांबवायचा, हे ज्याला कळतं त्याला विनोद कुठे सोडायचा हेही कळतं. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधला हवालदार हजाराहून अधिक प्रयोग टिकला तो यामुळे. त्या दिवशीची वर्तमानपत्रातली बातमी रात्री वगात यायची, मंत्र्यासंत्र्यांची भर रंगमंचावर हजेरी घेतली जायची. आयत्या वेळी जोडायचं आणि तरी तालाबाहेर जायचं नाही, हे आपल्याकडे ढोलकी-झांजेवर सवाल-जवाब करणाऱ्या शाहिराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तोही गाणं रचतो, गातो, नाचवतो, हसवतो. त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तू नक्की कोण?

दादांच्या गाण्यांबद्दल तर टीकाकार बोलतच नाहीत. कित्येक गाणी त्यांनी स्वतः लिहिली, आणि ती आजही वरातीत वाजतात. स्वतः दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच चित्रपटात, १९७५च्या 'पांडू हवालदार'मध्ये, त्यांनी राम-लक्ष्मण या नव्या जोडीकडे संगीत सोपवलं. त्यांतल्या लक्ष्मणनेच, म्हणजे विजय पाटलांनी, पुढे 'मैंने प्यार किया'ची गाणी केली. हा कान चावट माणसाचा की गाणाऱ्याचा?

बायकांना कमी लेखलं, हा आक्षेप जड आहे. पण १९७१चा 'सोंगाड्या' पुन्हा बघा. खुळा आहे तो दादांचा नाम्या. शहाणपण आहे उषा चव्हाणच्या कलावतीकडे, आणि धाक रत्नमालांच्या आईचा. हसं पुरुषाचं होतं. नंतर कॅमेरा नको तिथे रेंगाळू लागला, हेही खरंच.

त्याच १९७१च्या नाताळात इंग्लंडात बेनी हिल या विनोदी नटाचं एका दूधवाल्यावरचं गाणं तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं होतं. गाणं त्याचंच, आणि तरुणपणी दूध टाकल्याचा अनुभवही त्याचाच. त्यालाही चावट म्हणूनच नावं ठेवली गेली. १९८९ला वाहिनीने त्याला घरी बसवलं. सोवळं फक्त पुण्यातच असतं असं नाही.

राहिले दादांचे हिंदी चित्रपट. 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में'ची वकिली मी करणार नाही. तिथे गाव सुटलं, बोली सुटली, वग सुटला. उरला तेवढा दुहेरी अर्थ. दादा म्हणजे नुसता चावटपणा असं म्हणणाऱ्यांनी 'सोंगाड्या'शेजारी हा चित्रपट लावून बघावा.