काटेपूर्णेच्या काठचा मुक्काम

अकोल्याहून बार्शीटाकळीच्या दिशेने निघाले की पूर्णेच्या खोऱ्याची काळीभोर सपाटी हळूहळू मागे पडते, माळ आणि टेकड्या सुरू होतात. पुढे महानजवळ काटेपूर्णेचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. त्याला लागून असलेले सागाचे रान १९८८ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. वऱ्हाडासारख्या रखरखीत प्रदेशात पाणी, डोंगर आणि अरण्य अशी तिन्ही सुखे एका ठिकाणी लाभणे दुर्मिळच. तेव्हा येथे दिवसभर फिरून समाधान न झालेल्या माणसाला एखादी रात्रही उघड्या आकाशाखाली काढावीशी वाटली, तर त्यात नवल नाही आणि गैर तर मुळीच नाही. प्रश्न एवढाच आहे की, ही इच्छा कोणत्या रीतीने पुरी व्हावी?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी पुढे केली जातात. एक म्हणजे सरसकट मनाई. दुसरे म्हणजे एखाद्या कंत्राटदाराच्या हवाली किनारा करून तेथे तंबूंची वसाहत उभी करणे. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. परंतु दोन्ही चुकीची आहेत.

मनाईची मागणी करणारे कायद्याचा हवाला देतात. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश निषिद्ध ठरविला असला, तरी ज्या कारणांसाठी परवाना देता येतो त्यांत पर्यटनाचाही स्पष्ट समावेश केला आहे. म्हणजे कायद्याचा रोख विनापरवाना वावरावर आहे, माणसावर नव्हे. शिवाय मनाईचा व्यवहारातील परिणाम विपरीत होतो. जो रीतसर विचारावयास जातो त्याला नकार मिळतो. जो विचारीतच नाही तो अंधार पडल्यावर बाटल्या घेऊन कोठून तरी किनारा गाठतो. थोड्याशा वनरक्षकांनी एवढ्या लांब काठावर रात्रभर पहारा द्यावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. अशा मनाईने सज्जन तेवढे दूर राहतात.

कंत्राटी तंबूंचे चित्र पाहावयाचे असेल तर मावळातील पवना धरणाचा काठ पाहावा. तेथे रांगेने तंबू उभे राहतात, दिवे झगमगतात, ध्वनिवर्धक वाजतात. शहराचा गोंगाट टाळण्यासाठी आलेला माणूस शहरच सोबत घेऊन येतो. काटेपूर्णेच्या काठी असे झाले तर चौसिंग्यासारख्या लाजाळू प्राण्याने पाण्यावर यावे कोठून?

या दोहोंच्या मधला मार्ग अमेरिकेतील राष्ट्रीय वनांत फार वर्षांपासून रूढ आहे. तेथे ठरावीक तळ नसतो, नळ नसतो, शौचगृह नसते. माणसे एकमेकांपासून दूर, विखरून मुक्काम करतात. सामान्यतः चौदा दिवसांहून अधिक एका जागी राहू दिले जात नाही आणि पाण्यापासून सुमारे दोनशे फूट दूर राहण्याचा दंडक शिकविला जातो. जमिनीवरचा भार विभागला जातो, हे यामागील तत्त्व. ते उत्तम आहे. पण जसेच्या तसे येथे आणणे घातक ठरेल. काटेपूर्णा अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ७४ चौरस किलोमीटर. एवढ्याशा रानात माणसे वाटेल तेथे विखुरली, तर वन्यप्राण्यांना निवांत असा कोपराच उरणार नाही. स्कॉटलंडचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २००३ च्या कायद्याने तेथे प्रत्येकास मोकळ्या भूमीवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क मिळाला. तरीही लॉमंड सरोवराच्या परिसरात गर्दी, कचरा आणि तोडलेली झाडे यांचा उपद्रव इतका वाढला की, २०१७ पासून तेथील काठांच्या काही भागांत मार्च ते सप्टेंबर या काळात मुक्कामासाठी परवाना सक्तीचा करावा लागला. मुक्त संचाराचा हक्क मानणाऱ्या देशालाही तळ्याच्या काठी मर्यादा घालावी लागली, हे विसरता कामा नये.

म्हणून विखुरलेपणाचे तत्त्व घ्यावे, पण संख्या व जागा बांधून द्याव्यात. अभयारण्याच्या बाहेरील कडेस, एकमेकांच्या नजरेआड अशा मोजक्या जागा निवडाव्यात आणि त्या आळीपाळीने विसावू द्याव्यात. प्रत्येक जागी एकच लहान गट असावा. मुक्काम नोव्हेंबर ते जानेवारी एवढ्यापुरताच असावा. कारण १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरला जातो, आणि उन्हाळ्यात पाण्याचा पहिला हक्क जनावरांचा आहे. शेकोटी तर मुळीच नसावी. वाळलेल्या सागाच्या पानांवर पडलेली एक ठिणगी कोणाचीही हौस पाहत नाही. जेवण जवळच्या गावातून यावे, सोबतीला गावातीलच वाटाड्या असावा आणि शुल्काचा वाटा गावाच्या वन समितीकडे जावा. ज्यांनी अभयारण्यासाठी चराईवर पाणी सोडले, त्यांच्या चुलीला त्या अभयारण्याचा काही उपयोग झालाच पाहिजे.

मनुष्यबळ अपुरे आहे, बिबट्याचा धोका आहे, हे आक्षेप खोटे नव्हेत. परंतु याच वनखात्याने मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री सामान्य नागरिकांना नावे नोंदवून मचाणावर बसविण्याची प्रथा यशस्वीपणे पाळली आहे. संख्या ठरलेली असेल आणि जबाबदार माणूस सोबत असेल, तर रात्रीचे अरण्यही नियमात बसते. पाचच गट सांभाळता येत असतील तर पाचच घ्यावेत. सहाव्याने पुढच्या वर्षी यावे.

रानातला मुक्काम ही या प्रदेशाला बाहेरून आलेली कल्पना नव्हे. बंजाऱ्यांचे लमाण बैल घेऊन निघालेले तांडे, मेंढपाळांचे वाडे, पंढरीला निघालेल्या दिंड्या यांनी पिढ्यानपिढ्या मुक्काम केले आणि हलविले. ज्याला उद्या त्याच पाणवठ्यावर परतावयाचे असते, तो आज त्यात घाण करीत नाही. आजच्या प्रवाशाला परतावयाचे नसते, म्हणून त्याच्यासाठी नियम लागतो.

पण अकोल्याहून येणाऱ्याला तर ही सबबही नाही. त्याच्या घरच्या नळाला येणारे पाणी याच जलाशयाचे आहे. काठावर टाकलेली बाटली, पाण्यालगत उरकलेला प्रातर्विधी आणि तेथेच धुतलेली भांडी यांचा हिशेब त्याच्याच माठात उतरणार आहे. महानच्या काठी रात्र घालविण्याची मुभा त्याला जरूर मिळावी; मात्र सकाळी तो निघून गेल्यावर तेथे कोणी राहिले होते, हे कोणालाही ओळखता येऊ नये, हीच तिची अट असावी.