चार हजारांसाठी गोठलेली पेढी

गेल्या महिन्यात आमच्या परिचयातील एका धान्य व्यापाऱ्यांनी पुरवठादाराला दिलेला धनादेश न वटता परत आला. खात्यात शिल्लक भरपूर होती. शाखेत चौकशी करता कळले की, परराज्यातील पोलिसांच्या सूचनेवरून खाते गोठविण्यात आले आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका अनोळखी गिऱ्हाइकाने दुकानातील क्यूआर कोडवर ४,२०० रुपये भरून तांदूळ व तूरडाळ नेली होती. ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतून आलेले होते. वादातील रक्कम एवढीच, अडकले मात्र पेढीचे सारे खेळते भांडवल.

फसवणूक झालेली व्यक्ती १९३० या क्रमांकावर अथवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदविते. पैसा ज्या ज्या खात्यांतून पुढे गेला, त्या साखळीतील बँकांकडे सूचना जाते. भामटे काही मिनिटांत रक्कम अनेक खात्यांत फिरवितात, त्यामुळे ही तातडी आवश्यकच आहे. प्रश्न आहे तो साखळीच्या टोकाला उभ्या असलेल्या, माल देऊन पैसे घेतलेल्या दुकानदाराचा.

रोखीच्या काळी चोरीची नोट गल्ल्यात आली, तरी मालाच्या मोबदल्यात सद्भावनेने घेतलेली ती नोट दुकानदाराचीच होई. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि प्रत्येक रुपयाचा माग राहू लागला. कायद्याचा साचा मात्र जुनाच. संशयित मालमत्ता ताब्यात घेण्याचा पोलिसांचा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १०२ मध्ये होता. बँक खाते हीदेखील अशी 'मालमत्ता' होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्याच एका अपिलात ठरविले. ते प्रकरण लोकसेवकावरील भ्रष्टाचाराच्या आरोपाचे होते. मोबाइलवरून चुकत्या होणाऱ्या किराण्याच्या बिलाचा विचार तेव्हा कुणाच्या मनात येणे शक्यच नव्हते. १ जुलै २०२४ पासून तोच अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आला आहे. जप्तीचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे तत्काळ पाठविण्याचे बंधन त्यात आहे. खातेदाराला आगाऊ कळविण्याचे नाही.

मी शाखेत असताना दिवाणी न्यायालयाचे 'गार्निशी' आदेश येत. आदेशात रक्कम नमूद असेल, तर आम्ही तेवढीच बाजूला काढून ठेवीत असू आणि उरलेल्या शिलकेवर धनादेश वटवीत असू. केरळ उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये अशाच यूपीआय प्रकरणांत, पोलिसांनी कळविलेल्या रकमेपुरतेच खाते रोखावे, असा निर्देश दिला. तरीही काही शाखा संपूर्ण खाते बंद करतात. त्यामागची भीती मी ओळखून आहे : अधिक रोखले म्हणून अधिकाऱ्याला कुणी जाब विचारीत नाही, कमी रोखले तर विचारतात.

वाचकहो, असा प्रसंग आलाच तर शाखेत तोंडी हुज्जत घालू नये. तक्रारीचा पोचक्रमांक, संबंधित पोलीस ठाणे आणि वादातील नेमकी रक्कम लेखी मागावी. विक्रीचे बिल, त्या दिवसाचा रोजमेळ व साठ्याची नोंद जोडून, तेवढीच रक्कम राखून खाते मोकळे करण्याचा अर्ज द्यावा; त्याची प्रत तपास अधिकाऱ्यांना ई-मेलने पाठवावी. क्यूआर कोडवरील विक्रीचे बिल न करण्याची सवय आपल्याकडे अनेक दुकानांत आहे. अशा वेळी ती फार महाग पडते. एवढे करूनही दाद न मिळाल्यास कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, मात्र तो तिकडच्या न्यायालयात.

आमच्या स्नेह्यांनी पुरवठादाराचे पैसे मुलाच्या खात्यातून भागविले. अठराव्या दिवशी शाखेने ४,२०० रुपये राखून बाकीचे खाते खुले केले. त्या रकमेसाठी परराज्यात वकील द्यावा की नाही, याचा हिशेब ते अजून मांडीत आहेत. एका खेपेचे गाडीभाडेच त्याहून अधिक होते.