नाव वाचण्यापूर्वी : जुन्या रशियन चांदीवरील छाप

चांदीच्या वस्तूचे मोल करताना आपली नजर प्रथम काट्याकडे जाते. परंतु जुनी रशियन वस्तू हाती आली, मग ती चहाच्या पेल्याची नक्षीदार बैठक असो वा मिठाची लहानशी वाटी, तर ती आधी उलटी करून भिंगाखाली धरावी. कस किती, तपासणी कोठे व केव्हा झाली आणि वस्तू घडविली कोणी, या प्रश्नांची उत्तरे त्या इवल्याशा ठशांत असतात.

कसाचा आकडा बहुधा ८४ असतो. शंभरांत चौऱ्याऐंशी असा त्याचा अर्थ लावणे ही पहिली चूक. रशियन पौंडाचे ९६ झोलोत्निक होत. त्यांपैकी ८४ शुद्ध चांदी, उरलेले १२ हीण. आपल्या जुन्या सराफी मापातही तोळ्याच्या ९६ गुंजा होत्या. त्यामुळे आपल्या आजोबांना हे गणित चटकन उमगले असते : तोळ्यामागे साडेदहा मासे चांदी, दीड मासा हीण. आजच्या भाषेत हजारांत ८७५.

दुसरा ठसा सरकारी तपासणीचा. एकोणिसाव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या ठशात जहाजाचे दोन तिरपे नांगर व राजदंड असे; मॉस्कोच्या ठशात अजगराचा वध करणारे अश्वारूढ संत जॉर्ज. सोबत तपासनिसाची आद्याक्षरे आणि पुष्कळदा सालही. १८९९ पासून त्यांच्या जागी कोकोश्निक हे पारंपरिक शिरोभूषण ल्यालेल्या स्त्रीचे मुख आले. ते डावीकडे पाहत असेल तर काळ १९०८ पूर्वीचा. उजवीकडे पाहत असेल तर त्यानंतरचा. उजव्या मुखासोबत ग्रीक अक्षर असते : अल्फा म्हणजे पीटर्सबर्ग, डेल्टा म्हणजे मॉस्को.

आता कारागिराचा ठसा. येथे लिपी फसविते. सिरिलिक लिपीत रोमन 'पी'सारखे दिसणारे अक्षर 'र' असते, 'सी'सारखे 'स' आणि 'एच'सारखे 'न'. खरा 'प' दाराच्या चौकटीसारखा दिसतो. साझिकोव्ह, ओव्चिन्निकोव्ह, ख्लेब्निकोव्ह या नामांकित पेढ्यांना राजाश्रय होता. म्हणून त्यांच्या नावासोबत दुमुखी गरुडही आढळतो. फाबर्जे यांच्या मॉस्कोतील चांदीवर पेढीचे नाव व गरुड असतो, तर पीटर्सबर्गच्या वस्तूंवर प्रमुख कारागिराची आद्याक्षरेही आढळतात. मिखाईल पेर्खिन यांची 'म' व 'प' ही अक्षरे सिरिलिक. त्यांच्यामागून आलेले फिनलंडचे हेन्रिक विगस्ट्रोम मात्र रोमन 'एच' व 'डब्ल्यू' वापरीत.

मोठ्या नावामुळे किंमत कितीतरी पटींनी चढते, आणि म्हणूनच साध्या पण अस्सल जुन्या चांदीवर मागाहून फाबर्जे यांचा खोटा ठसा मारण्याचा धंदा चालतो. तेथे चांदी खरी, कस खरा, फक्त नाव खोटे असते. अशा वेळी काटा व कसोटीचा दगड दोघेही गप्प राहतात. नाव ओळखले म्हणून पारख संपत नाही. सर्व ठशांची साक्ष परस्परांशी जुळावी लागते. पेर्खिन १९०३ मध्ये निवर्तले. त्यांच्या आद्याक्षरांशेजारी उजवीकडे पाहणारे मुख दिसले, तर ते दोन ठसे एका काळाचे नव्हेत. सरकारी ठसा झिजून गुळगुळीत आणि शेजारचे नाव मात्र कालच कोरल्यासारखे टोकदार, हेही संशयाचेच कारण. झाकण किंवा अन्य सुटा भाग असल्यास त्यावरील ठसेही मूळ वस्तूशी ताडून पाहावेत.

घरात अशी वस्तू असेल तर तळ राखेने वा चिंचेने घासू नये. ठसा एकदा झिजला की साक्षीदार गेला. आणि ती विकण्याची वेळ आली, तर जितके जुळले तितकेच ग्राहकास सांगावे. '८४ कस, मॉस्को, १९०८ नंतरची, कारागीर निश्चित नाही' एवढे सांगितल्याने किंमत उतरेल हे खरे. पण ज्या कारागिराने आपली दोन अक्षरे चांदीवर उमटविली, त्याने त्या मालाची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतली होती. आपण पावतीवर सही करतो, तेव्हा वेगळे काय करतो?