गाणे घरोघरी, गायक अनामिक

प्रतिनिधी, बीड

दसरा-दिवाळी आटोपली, की बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरवरील ध्वनिवर्धकातून भीमगीते, अंबाजोगाईच्या योगेश्वरीची आराधी गीते, बंजारा तांड्यांवरची गाणी आणि वरातीतला 'डीजे' आलटून पालटून वाजत असतो. यातले अमुक गाणे कोणाचे, असे विचारले तर चालकाला बहुधा सांगता येत नाही. दोष त्याचा नाही. गेल्या चार दशकांत गाणे गावापर्यंत पोचविणे स्वस्त होत गेले आणि प्रत्येक टप्प्यावर गाणाऱ्याचे नाव थोडे थोडे पुसले गेले.

कॅसेटच्या काळात निदान वेष्टनावर गायक आणि गीतकार छापलेले असत. १९८०च्या दशकात 'टी-सीरिज'सारख्या कंपन्यांनी कॅसेटच्या किमती खाली आणल्या आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज रेडिओची वाट न पाहता खेड्यांत शिरला. अनेक लोककलावंतांच्या हाती मात्र ध्वनिमुद्रणाच्या दिवशीची ठोक रक्कमच पडे. पुढे किती प्रती खपल्या याचा हिशेब त्यांच्यापर्यंत येत नसे. मग मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डावर शेकडो गाणी भरून मिळू लागली. तेथे वेष्टनच नव्हते. गाण्याच्या फाइलला नाव असे ते ज्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेतली त्याचे!

सप्टेंबर २०१६ मध्ये 'जिओ' आल्यावर स्वस्त इंटरनेटने मेमरी कार्डाचाही धंदा बसविला. आता तालुक्याच्या गावी एका खोलीत संगणक आणि मायक्रोफोनवर गाणे तयार होते, मोबाइल किंवा भाड्याच्या ड्रोनवर त्याचे चित्रीकरण होते आणि ते 'यूट्यूब'वर चढते. लोकशाहीकरण म्हणून याचे कौतुक होते आणि ते अगदीच गैर नाही. मुंबईच्या कंपनीचा उंबरठा झिजविण्याची गरज उरलेली नाही. परंतु जाहिरातींचे उत्पन्न मिळते वाहिनीच्या मालकाला. त्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण, ही रुळलेली अट आहे. हंगामातले पाच-सहा महिने कोपीत काढणाऱ्या गायकाला स्वतःची वाहिनी त्या टप्प्यापर्यंत नेणे अवघड. तो दुसऱ्याच्या वाहिनीवर गातो. शिवाय त्याच चालीचे ध्वनिमुद्रण एखाद्या कंपनीच्या नावे आधीच नोंदलेले असले, तर 'यूट्यूब'ची यंत्रणा आवाज जुळवून उत्पन्न त्या कंपनीकडे वळवू शकते. पारंपरिक चालीवर कोणाचीच मालकी नसते, ध्वनिमुद्रणावर मात्र असते. हा फरक लोकगीताच्या मुळावर येतो.

कायदा कलावंताच्या बाजूने नाही असे म्हणता येत नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क अबाधित ठेवला, गायक-वादकांच्या हक्कांनाही बळ दिले. पुढच्याच वर्षी गायकांची हक्कसंस्था नोंदली गेली. मात्र रॉयल्टी मागायची तर गाणे आपले आहे याचा कागद हवा, आणि आराधी मेळ्यात किंवा तांड्यावर करारपत्र कोण करतो?

या जिल्ह्यातच याहून निराळे उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामात १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगर वस्तीतील महिलांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. पुढे २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर हा ठेवा खुला होत गेला. तेथे गाणारीचे नाव, गाव, तालुका आणि ध्वनिमुद्रणाची तारीख दिलेली असते. त्या महिलांपैकी कोणी व्यावसायिक गायिका नव्हती. शेतात राबणाऱ्या बायका होत्या. 'यूट्यूब'वर चित्रफितीखालच्या जागेत एवढा मजकूर लिहिण्यास एक पैसाही पडत नाही. आपल्याकडच्या कितीतरी गाण्यांखाली त्या जागी कार्यक्रम ठरविण्यासाठीचा मोबाइल क्रमांक तेवढा असतो, तोही वाहिनीच्या मालकाचा.