जाहीर आवाहन : यंदाचा वणवा शेवटचा ठरवू या

खांडबारा आणि आसपासच्या गाव-पाड्यांतील बंधू-भगिनींनो,

परवा रात्री पुन्हा डोंगर पेटला. अंगणात उभे राहून बघणारे पुष्कळ होते, वर चढलो ते आम्ही मंडळाचे अकरा जण. हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवेपर्यंत तांबडे फुटले. आमच्यातल्या दोघांचे पाय भाजले आहेत. फाल्गुनात वीज सहसा पडत नाही, तेव्हा ही आग आभाळातून आलेली नाही. फुले वेचायला सोपे जावे म्हणून मोहाखालचा पाला कोणीतरी पेटवला, वारा सुटला आणि तो माणूस घरी जाऊन झोपला. ज्या मोहाने दुष्काळात आपल्या आजी-आजोबांना जगवले, त्याच्याच बुंध्याशी आपण काडी ओढतो. वाघदेवाला नारळ फोडणाऱ्या हातांना हे शोभते का?

हे जंगल काय मोलाचे आहे, ते नीट ऐका. वन पिंगळा नावाचे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणाला दिसले नव्हते. जगाने ते संपले असे धरले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या परदेशी अभ्यासकांना ते शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी सापडले. एकशे तेरा वर्षांनी! तेव्हा आपला नंदुरबार जिल्हाही झाला नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. पुढे हा पक्षी तोरणमाळच्या जंगलात आढळला आणि गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातही. एका अंगाला तोरणमाळ, दुसऱ्या अंगाला डांग, आणि मधल्या पट्ट्यात आपण. वन पिंगळा लांबचा प्रवास करत नाही. मधले जंगल तुटले की दोन्हीकडचे पक्षी एकमेकांना कायमचे दुरावतात. तो झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, तीही हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नेमकी आपल्या वणव्यांच्या दिवसांत. ढोलीचे जुने झाड जळाले तर तसे दुसरे उभे राहायला माणसाचा जन्म जातो. आणि घुबड अशुभ म्हणून त्याला दगड मारणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ते उंदीर, सरडे आणि नाकतोडे खाऊन आपलेच शेत राखते.

‘जाळले की गवत चांगले येते,’ असे म्हणणारे भेटतात. पहिल्या पावसात ती राख आणि वरची माती नाल्याला जाते, ते त्यांना दिसत नाही का? या म्हणण्यावर आम्ही यापुढे वाद घालणार नाही.

दुसरे म्हणणे, ‘जंगल फॉरेस्टचे, आपण कशाला राबायचे?’ याचा मात्र आम्हाला खरा राग येतो. आपला नवापूर तालुका पूर्णपणे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात आहे. म्हणून ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आपल्याला लागू आहे, त्याचे राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचा कारभार पाहण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. हा हक्क मिळावा म्हणून आपली माणसे मोर्चात पायी चालली. आता तो वापरायची वेळ आली, तर ग्रामसभेला कोरमसुद्धा भरत नाही!

शेजारच्या साक्री तालुक्यातले बारीपाडा बघा. तीसेक वर्षांपूर्वी तेही उजाड होते. गावाने कुऱ्हाड बंद केली, दंड ठरवला, पाळ्या लावून चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. विहिरींना पाणी आले. या कामात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली. ती माणसे आपल्यासारखीच आहेत. विकास पाहिजे म्हणता ना? मोहफुले, टोळंबी, चारोळी, डिंक, रानभाज्या, हा विकास डोंगर हिरवा असेल तरच हाताला लागतो. गावात पाहुणे यावेत असेही आम्हाला वाटते. पण ते आपल्या घरी उतरतील, आपल्या चुलीवरचे जेवतील. डोंगरमाथा फोडून बांधलेली हॉटेले आम्हाला नकोत.

तेव्हा आता हे करा. मोहाखालचा पाला जाळू नका, झाडून काढा, जमल्यास फुलांसाठी जाळी अंथरा. प्रत्येक पाड्याने रात्रीच्या राखणीची पाळी लावावी. धूर दिसला की फोन करा, फोटो काढत बसू नका. राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. लावणारा नात्यातला असला तरी त्याला ग्रामसभेपुढे उभे करा. सामूहिक वनहक्काचा दावा आपल्या गावाने केला आहे का, ते पोलीस पाटलांना, सरपंचांना विचारा आणि केला असेल तर कागद बघायला मागा. लोकजैवविविधता नोंदवहीत आपल्या म्हाताऱ्यांकडची झाडा-पाखरांची माहिती लिहून घ्या, ती माणसे फार दिवस राहणार नाहीत.

आमच्या मंडळाने गेली चार वर्षे पदरचे पैसे घालून वणवा अडवणारी जाळरेषा काढली. कोणाकडे वर्गणी मागितली नाही, आजही मागत नाही. पण अकरा माणसांनी एवढा डोंगर राखला जात नाही.

येत्या शनिवारी सकाळी सात वाजता खांडबारा रेल्वे स्टेशनसमोर जमायचे आहे. घरटी एक माणूस, हातात कोयता किंवा फावडे, सोबत पाणी आणि भाकरी. बायकांनीही यावे. दुपारपर्यंत पूर्वेकडची जाळरेषा साफ करून उतरायचे आहे.