रुग्णाचा प्रवास आणि आपला केसपेपर

रुग्णपरीक्षणात देश आणि काल यांचा विचार आपण कटाक्षाने करतो. रुग्ण जांगल देशातील की आनूप, ऋतू कोणता, याची नोंद होते. परंतु मुंबईच्या उपनगरांतील रुग्ण दिवसाचे दोन-तीन तास ज्या डब्यात काढतो, त्या डब्याचा 'देश' कोणता, हे आपल्यापैकी फार थोडे वैद्य विचारतात. 'व्यवसाय : नोकरी' एवढ्यावर आपले समाधान होते.

हा प्रवास गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलला आहे. घाटकोपरहून अंधेरीस जायचे तर पूर्वी दादरला गाडी बदलावी लागे, नाहीतर बसमध्ये घामाघूम होत बसावे लागे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल बोरिवलीहून सुटली, आणि मे २०२२ मध्ये तिच्या एकेरी तिकिटाचे दर निम्म्यापर्यंत उतरले. जानेवारी २०२३ पासून दहिसर ते अंधेरी असे मेट्रोचे दोन मार्ग पूर्णपणे धावू लागले. मुलुंडकर मात्र अद्याप मुख्यत्वे मध्य रेल्वेवरच विसंबून आहेत.

या सोयींतून लोकांनी आपली एक प्रवासाची ऋतुचर्या सिद्ध केली आहे. वैशाखात वातानुकूलित लोकल. पावसाळ्यात कुर्ला-शीव येथे रुळांवर पाणी आले किंवा अंधेरीचा सब-वे बंद झाला की उंचावरून धावणारी मेट्रो. थंडीत पुन्हा साध्या गाडीचा नेहमीचा डबा. ही निवड सोय, पैसा आणि वेळ पाहून होते. शरीराचा हिशेब त्यात क्वचितच असतो, आणि तो मांडण्याचे काम आपले आहे.

यावर आपले ठरलेले उत्तर म्हणजे 'एसी वर्ज्य करा'. मला हे पटत नाही. शरदातल्या उन्हात पित्तप्रकृतीच्या रुग्णाला गर्दीत घुसमटत उभे राहण्यापेक्षा थंड डबा निश्चित हितकर आहे. दोष शीताचा नसून व्यत्यासाचा आहे. शीत-उष्णाचे क्रम सोडून आलटून पालटून केलेले सेवन, तसेच श्रम व संताप झाला असता एकाएकी थंड पाण्यात उतरणे, ही दोन्ही चरकांनी कुष्ठनिदानात सांगितली आहेत. डब्यातील हवा म्हणजे शीतोदक नव्हे, हे मान्य. पण जिने धावत चढून, घामाने भिजून त्या हवेत शिरणे हा व्यत्यासच होय. आषाढात ओल्या कपड्यांनिशी त्याच डब्यात बसणे तर त्याहून वाईट, कारण वर्षाऋतूत वात प्रकुपित आणि अग्नी मंद असतोच. म्हणून गाडी सोडण्यापेक्षा घाम पुसून, पाच मिनिटे थांबून आत जा, मान व कान झाका, पिशवीत कोरडा सदरा ठेवा, असे सांगणे अधिक उपयोगी. एरवी रुग्ण मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत चढतो.

याहून गंभीर प्रश्न वेगधारणाचा आहे. उपनगरी लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही. बोरिवलीहून चर्चगेटपर्यंतच्या तासाभराच्या प्रवासाच्या भीतीने अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. म्हणजे मूत्रवेगाचे धारण टाळण्यासाठी तृष्णेचे धारण! मूत्रदाह, मलावष्टंभ, शिरःशूल घेऊन त्या आपल्याकडे येतात आणि आपण 'भरपूर पाणी प्या' असे लिहून देतो. रात्री एरंडस्नेह देताना सकाळची गाडी कितीची, हे न विचारणाऱ्या वैद्याबद्दल तर काय बोलावे? औषधकाल ग्रंथात पाहावा, तसा रुग्णाच्या वेळापत्रकातही पाहावा. पाणी घरून निघण्यापूर्वी किती व उतरल्यावर किती, विरेचनद्रव्य सुट्टीच्या आदल्या रात्री द्यावे की कसे, हे एकेका रुग्णापुरते ठरवावे लागते.

यासाठी केसपेपरवर एक रकाना पुरेल : कोणत्या मार्गाने, कोणत्या डब्याने, किती वेळ. मात्र तो एकदाच भरून चालत नाही. मे महिन्यात वातानुकूलित लोकल लिहिलेल्या रुग्णाला मी जुलैत पुन्हा विचारतो, तेव्हा बहुधा उत्तर निराळे असते.