बाबांची नाइट शिफ्ट

विष्णुपुरीच्या घरी राहायला गेलं की रात्रीतून तीनदा बाथरूमचा दिवा लागतो. बाबांना विचारलं, तर "वय झालं." विषय कट!

एवढ्यावर सोडू नका, बॉस. प्रोस्टेट वाढतं हे अर्धंच झालं. त्यातले स्नायूही मूत्रमार्ग आवळतात. नॉरअ‍ॅड्रेनलिन अल्फा-1 रिसेप्टरवर बसलं की पकड घट्ट. टॅमसुलोसिन ती जागा अडवतं, स्नायू सैलावतात, काही दिवसांत धार सुधारते. ग्रंथी मात्र लहान होत नाही. शिवाय 1988मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेलं एंडोथेलिन, 21 अमिनो आम्लांचं पेप्टाइड, वेगळ्या रिसेप्टरवरून हेच स्नायू आवळतं. तिथे अल्फा-ब्लॉकरचं काही चालत नाही.

आणि सर्दीच्या गोळीतलं फिनाइलेफ्रिन? ते अल्फा रिसेप्टर उलट चेतवतं. लघवी तुंबलेली! बाबांच्या खिशात नेमकी तीच पट्टी. काढून घेतली.

मोतीबिंदूचं ऑपरेशनही करायचंय त्यांचं. टॅमसुलोसिन सुरू झालं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगावं लागेल. त्याने डोळ्यातला बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो.

सकाळी त्यांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेलं. ओपीडीच्या रांगेत बाबा कुजबुजले, "आईला सांगू नको हं."

मला फोन करून बोलावलं होतं ते आईनंच.